आर्डिथ फाटकाआधी थांबायची

वेंडेल प्रुइटचा मला अजून राग येतो. तो वाईट माणूस नव्हता, हे लिहायला हवं म्हणून लिहितो.

दर हिवाळ्यात आमच्या क्लबच्या, आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या घरगाड्या ॲरिझोनातून निघत आणि पक्षी बघत बघत मेक्सिकोत खाली उतरत. वेंडेल म्होरक्या, तो सगळ्यात पुढे. मी सगळ्यात शेवटी. शेवटच्याचं काम एवढंच, की कुणाची गाडी बंद पडली तर थांबायचं. फारसं बोलावं लागत नाही, म्हणून ते मी आपणहून मागितलं होतं.

माझ्यापुढे नेहमी आर्डिथ आणि लॉर्न नायबर्ग असत. कॅनडात, सस्कॅचेवानमध्ये त्यांचा कोंबड्यांचा धंदा होता. रस्ताभर गाडी आर्डिथ चालवायची. खिडकीत तिचं कोपर दिसायचं. तारेवर ससाणा बसलेला असला की आधी तिचं बोट बाहेर यायचं, आणि लगेच गाड्यांमधल्या रेडिओवर लॉर्नचा आवाज, "डावीकडे बघा, ससाणा!" मुक्कामाचा तळ आला की त्याच्या फाटकाच्या अलीकडे त्यांची गाडी कडेला थांबायची. दोघं जागा बदलायची. मग लॉर्न ऐटीत आत शिरायचा आणि आर्डिथ मागे उभी राहून, हातांनी खुणा करत गाडी जागेवर घ्यायला लावायची. आमच्यात ही रीतच होती. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे, आणि आधी पोचलेले खुर्च्या टाकून, हातात ग्लास घेऊन तमाशा बघणार. रस्त्यातली ती अदलाबदल मात्र माझ्याशिवाय कुणाला कधी दिसली नाही.

लॉर्न वारला. पुढच्या जानेवारीत आर्डिथ एकटी आली. सान ब्लासच्या खारफुटीत होडीसारख्या रुंद चोचीचा एक बगळा असतो, तो तिला बघायचा होता. मागच्या खेपेला लॉर्नच्या दुखण्यामुळे अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं होतं.

"आर्डिथ, एका गाडीत दोन माणसं, हा नियम आहे," वेंडेल आदल्या मुक्कामी म्हणाला. मी एकटाच असायचो, मला हा नियम त्याने कधी लावला नव्हता. "तुझ्या काळजीपोटी बोलतोय. आतापर्यंतच्या तळांवर गाडी सरळ आत, सरळ बाहेर. सान ब्लासला ती मागे घ्यावी लागते. कुठे आपटलीस तर दुसऱ्या दिवशी परत फिरायचं. कबूल?"

काळजी हा शब्द त्याने त्या प्रवासात इतक्यांदा वापरला, की मला त्याची किळस आली.

"लॉर्नने किती वेळा आपटली, मोजलंस कधी?"

"लॉर्नचा हात तयार होता गं."

मी तोंड उघडलं. "वेंडेल, अरे, गाडी तर..."

"हार्लन, तू गप्प बस!" आर्डिथ म्हणाली. नंतर मला बाजूला घेऊन दातओठ खात म्हणाली, "मेला तरी त्याची अब्रू मीच सांभाळतेय. तू कशाला मध्ये पडतोस?"

सान ब्लासच्या फाटकाआधीही ती सवयीने कडेला थांबली. मीही मागे थांबलो. बराच वेळ काहीच हललं नाही. मग ती आत गेली.

माडांमधली जागा अरुंद होती. खुर्च्यांवरून पाच पुरुष उठून धावले.

"डावीकडे घे!"

"तुझ्या डावीकडे नाही गं, माझ्या!"

"ये, ये, बिनधास्त ये, भरपूर जागा आहे!" हा वेंडेल.

मागचा दिवा माडावर फुटला.

वेंडेल हात पुढे करून आला. "पुरे आता. किल्ली दे, मी लावतो."

आर्डिथ खाली उतरली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. "तुमच्यातला एक तरी स्वतःच्या गाडीमागे कधी उभा राहिलाय? ते काम तुमच्या बायका करतात! आमची गाडी तीस वर्षं मी लावत आलेय. लॉर्न नुसता माझे हात बघायचा. जा, बसा खुर्च्यांवर. आणि आता कुणी हात हलवला ना, तर त्याच्या अंगावरून नेईन!"

ते बसले. ती गाडीमागे, तिच्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. चाकं बघितली, माड बघितले. मग वर चढून गाडी हातभर मागे घेतली. पुन्हा उतरली, पुन्हा मागे जाऊन बघितलं, पुन्हा चढली. ग्लासांतला बर्फ वितळला. सान ब्लासची चिलटं सगळ्यांना फोडून काढत होती.

"वेंडेल, चिलटं मारायलासुद्धा हात हलवू नकोस हं," त्याची बायको मॅक्सीन म्हणाली. "ती खरंच नेईल अंगावरून."

गाडी लागली. दोन माडांच्या बरोबर मधोमध.

"तरी दिवा फुटलाच," वेंडेल म्हणाला. "नियम म्हणजे..."

"दिवा तुझ्या भरपूर जागेने फुटला," मॅक्सीन म्हणाली. "उद्या खारफुटीत जाणाऱ्या होडीत तिची जागा धर, नाहीतर तुझी गाडी तूच लाव इथून पुढे."

बाकीच्या बायकाही त्याच्याकडे बघत होत्या. त्याने होडीच्या यादीत तिचं नाव लिहिलं. माफी मात्र मागितली नाही.

सकाळी होडीतून तो बगळा दिसला. झोपमोड झाल्यासारखा, मान आखडून फांदीवर बसला होता. आर्डिथने दुर्बीण बराच वेळ खाली घेतली नाही.

"काय चिडका चेहरा आहे बघ," ती म्हणाली. "मी आरशात रोज बघते."

पुढच्या मुक्कामाचं फाटक दिसलं तसा मी सवयीने ब्रेक दाबला. तिचं कोपर खिडकीतच होतं. गाडी थांबली नाही.