एकशिंगी जनावर आणि नैवेद्याचा मोदक

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आम्ही दोघं अमेरिकेत फ्रीमाँटला मुलीकडे राहायला गेलो होतो. घरामागच्या पार्कात एक चिनी आजोबा सकाळी बादली घेऊन यायचे आणि लांब दांड्याच्या ब्रशाने सिमेंटच्या वाटेवर पाण्याने अक्षरं काढायचे. उन्हाने ती वाळली की पुन्हा काढायचे. "आपल्या सडा-रांगोळीसारखंच की," म्हणत हिने त्यांच्याशी मैत्री केली. भाषा चिवड्याची.

गणपतीच्या दिवशी नैवेद्याच्या ताटातला एक मोदक आरतीआधीच नाहीसा झाला. ओट्यापाशी जावई पाणी पीत उभा होता. जावयाला बोलायचं नसतं, म्हणून ही मुलीला म्हणाली, "असते काही घरांत देवाच्या आधी खायची पद्धत!" जावई गोरामोरा झाला. मी जोरात झांज वाजवली.

त्या शनिवारी तोही आमच्याबरोबर पार्कात आला. आजोबांनी एक किचकट अक्षर काढलं: 廌.

"शेळी?" मी विचारलं.

"नो, नो," त्यांच्याबरोबर आलेली त्यांची नात म्हणाली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. हे जुन्या कथांमधलं शेळीसारखं, एका शिंगाचं जनावर. अक्षर म्हणजे मुळात त्याचं चित्रच. भांडणारे दोघं समोर उभे केले की ते खोट्याला बरोबर ढुशी मारायचं. 'कायदा' या अर्थाच्या जुन्या अक्षरात पाणी, हे जनावर आणि 'जाणे' अशी तिन्ही चिन्हं होती. न्याय पाण्यासारखा समतल, आणि दोषी बाहेर. पुढे लोकांनी जनावर गाळलं.

"तेव्हापासून वकील आले," मी म्हणालो.

"असलं एक घरी बांधायला हवं," ही म्हणाली. "काय जावईबापू?"

"बांधू या ना आई, किचनमध्येच."

"अहो, तुम्ही गवतात कशाला गेलात?" हिने मला विचारलं.

"वाटेवर पाणी आहे, बूट ओले होतील," मी म्हणालो.

जावयाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसू दाबलं. अक्षर वाळून गेलं.

अजूनही मोदक वळायला घेतले की ही त्याला फोन करून बजावते, "आरती होईपर्यंत धीर धरा हो!" तो बिचारा "हो आई" म्हणतो.

तर आता स्पष्ट सांगतो. मोदक मी खाल्ला. गरम होता, वर तूप होतं. म्हणजे थोडा दोष करणारीचाही. पण टोमणे इतकी वर्षं त्याने खाल्ले.

माझ्या लेखांचं शुद्धलेखन हीच तपासते. हा कागद तिच्यापुढे ठेवून मी गॅलरीत येऊन बसलो आहे. इथे गवत नाही.