सहा माणसांची गाडी

घड्याळाच्या बाबतीत मी खाष्ट आहे. जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या निवासी शाळेत मी विज्ञान शिकवते. तास एक मिनिट उशिरा सुरू झाला तरी माझा पारा चढतो. असा स्वभाव घेऊन इथं राहणं म्हणजे रोज स्वतःचं रक्त आटवणं, कारण इथली जीप भरल्याशिवाय सुटत नाही. एक माणूस कमी असलं तरी ड्रायव्हर आरामात चहा पितो आणि मी आत धुमसत बसते.

आठवीच्या पाच मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी रेल्वे करायची ठरवली. पाचहीजणींनी खरी रेल्वे कधी पाहिलेली नव्हती. जव्हारच्या प्रदर्शनात निवड झाली तर पालघरला जायला मिळणार, आणि पालघरला स्टेशन आहे. त्यांचं सगळं गणित एवढंच होतं.

खेळण्यातलं इंजिन आणि रूळ मी आणले. डबा मुलींनी बांबूच्या काड्यांचा विणला आणि त्यात बसायला मातीच्या सहा बाहुल्या केल्या. गाडीचा मेंदू म्हणजे बिस्किटाएवढा मायक्रोकंट्रोलर. त्याला हुकूम द्यायला काही लिहावं लागत नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, ‘चाल’, ‘थांब’, ‘दहा सेकंद’, ‘पुन्हा’. ते माउसनं ओढून एकात एक अडकवायचे. गाडी पहिल्यांदा आपली आपण स्टेशनात थांबली आणि दहा सेकंदांनी निघाली, तेव्हा एवढा गलका झाला की स्वयंपाकाच्या मावशी झारा घेऊनच धावत आल्या. मीही नाचले, खोटं कशाला बोलू?

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना गाडी स्टेशनात थांबली ती हलेचना. मी वायरी तपासल्या, बॅटरी बदलली. मग पडद्यावर पाहिलं तर ‘दहा सेकंद’ गायब. त्या जागी ठोकळा होता, ‘प्रवासी सहा होईपर्यंत थांब’. फलाटावर एक बटणही बसवलेलं. बाहुली आत ठेवली की ते दाबायचं, म्हणजे माणूस मोजलं जातं.

“हे कुणी केलं?”

पाचजणींतली दाभोसा गावची मुलगी उभी राहिली. “बाई, पाचच मानसं बसलीत. एक येयाचं हाये.”

“रेल्वे कुणासाठी थांबत नाही!”

“मंग मागं रायलेल्यानं काय करायचं?”

“पुढची गाडी पकडायची.”

“आन पुढची नसंल तं?”

तिची आई जव्हारच्या बाजारातून संध्याकाळच्या शेवटच्या जीपनं घरी येते. सकाळी नेलेली माणसं ड्रायव्हर संध्याकाळी मोजतो, आणि एक कमी भरलं तर गाडी हलवत नाही. मी आवाज चढवला. ‘दहा सेकंद’ माझ्या हातानं परत बसवले.

जव्हारला परीक्षक साहेब आले. गाडी थांबली, बरोबर दहा सेकंदांनी सुटली. सहावी बाहुली त्या मुलीच्या हातातच राहिली. साहेब “छान” म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. पाच चेहरे पडले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी वर्गात किती वेळा सांगितली होती!

“साहेब, आमचा दुसरा प्रोग्राम पण हाये,” दाभोशाची म्हणाली. माझ्याकडे न बघता तिनं दोन ठोकळे बदलले. गाडी फिरून आली, थांबली. पाच बाहुल्या बसल्या. गाडी जागची हलेना.

“बिघडली का?” साहेबांनी विचारलं.

“नाय. तुमची वाट बघतेय.” आणि तिनं सहावी बाहुली त्यांच्या हातावर ठेवली.

साहेबांनी बाहुली डब्यात बसवली, बटण दाबलं. गाडी निघाली आणि साहेब खो खो हसले. बघता बघता आमच्या टेबलाभोवती जत्रा जमली. प्रत्येकाला सहावं माणूस बसवायचं होतं. संध्याकाळी आमची निवड जाहीर झाली, तेव्हा मी त्या पोरीला सगळ्यांसमोर मिठी मारली.

पालघरला प्रदर्शन उरकून आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी आली तेव्हा पाचहीजणी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. गाडी सुटली आणि एक आजोबा गाठोडं घेऊन धावत आले. “थांबवा, थांबवा!” मुली ओरडल्या. गाडी गेली.

“बाई, जागा होती की,” दाभोशाची म्हणाली.

परत जाण्यासाठी आम्ही जव्हारच्या जीपमध्ये बसलो आणि लक्षात आलं, बाहुल्यांचा डबा फलाटावरच्या बाकावर राहिला. मी उतरून पळाले. डबा मिळाला, पण यायला चांगला अर्धा तास लागला. जीप खच्चून भरली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, माझी जागा मिळावी म्हणून एक गृहस्थ भांडत होते, आणि त्या जागेवर पाच दप्तरं रचून माझ्या पोरी तितक्याच जोरात भांडत होत्या.

मी धापा टाकत चढले. उशीर झाल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. दाभोशाच्या मुलीनं बोटानं आम्हा सगळ्यांना मोजलं, शेवटचं बोट माझ्यावर ठेवलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, “झाली सहा. सोडा आता.”