बगळ्यासाठी चोपलेली जमीन

पेणच्या खाडीकाठी काळुरामला लोक त्याच्या पायांवरून ओळखत. चाळीस वर्षं त्याने मिठागराची जमीन तुडवली होती. मीठ धरण्याआधी वाफ्याचा तळ करावा लागतो. खाडीचा चिखल पसरायचा, चौघा-सहाजणांनी खांद्याला खांदा लावून, पावलाला पाऊल चिकटवून तो तुडवायचा, वाळत आला की लाकडी चोपण्याने चोपायचा आणि पुन्हा तुडवायचा. तळ कच्चा राहिला तर मीठ काळं येतं. काळुरामच्या तळावरचं मीठ पांढरं येई. त्या भागात याहून मोठी कीर्ती उपलब्ध नव्हती.

रोह्याला गाडी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. काळुरामचा जावई जगन रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता. कंपनीत पोलंडहून एक यंत्र आलं होतं, यंत्राबरोबर ते बसवणारा इंजिनिअर आणि इंजिनिअरबरोबर त्याची बायको इरेना. यंत्र सहा महिने चालू होईना, म्हणून इरेना रोह्यातच राहिली. तिकडे ती पंधरा वर्षं बॅले नाचत होती. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून करायचा नाच, अशी माहिती कंपनीने फलकावर लावली, म्हणजे ऐन वेळी कुणी दचकू नये.

रोह्यात नाचणारी दुसरी बाई म्हणजे चंद्रावतीबाई. कन्याशाळेत भूगोल शिकवायच्या आणि रविवारी अकरा मुलींना भरतनाट्यम. बाजारात भेंडी निवडताना दोघींची ओळख झाली आणि भाषा येत नसल्यामुळे मैत्री टिकली. कंपनीच्या वर्धापनदिनाला दोघींनी मिळून एकच नाच करायचं ठरवलं. इरेनाला हंस व्हायचं होतं. सांस्कृतिक समितीचे चिटणीस हैबतराव म्हणाले, "हंस इथं कुणी पाहिलाय? लोक बदक समजतील. बगळा करा." म्हणून इरेना बगळा आणि चंद्रावतीबाई मासोळी. बगळा शेवटी मासोळीला खात नाही असंही समितीने ठरवलं, कारण मॅनेजरसाहेबांच्या घरी शाकाहार होता.

कंपनीच्या मैदानात रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच केला. पहिल्याच तालमीत चंद्रावतीबाईंनी पाय आपटला तेव्हा पिंपं अशी घुमली की गेटवरचा पहारेकरी धावत आला. इरेना टोकावर उभी राहिली आणि ते टोक दोन फळ्यांच्या फटीत गेलं. सिमेंटचा कोबा करावा तर तो सुकायला वेळ नव्हता, आणि सिमेंटवर उड्या मारल्या तर गुडघे जातात, असं दोघी दोन भाषांत एकदम म्हणाल्या. दिवस उरले दहा. तेव्हा जगनने हैबतरावांसमोर छाती काढली.

"आमचा मामा जमीन करतो. आरशावानी. नाय झाली तर माझं नाव लावू नका."

जावयाने आपलं नाव लावलं, पण पणाला लागलं ते सासऱ्याचं. काळुराम रोह्याला आला, मैदानातला जुना मातीचा ओटा पाहिला आणि दोघींना म्हणाला, "काय करणार हाय जमिनीवर, ते दावा."

चंद्रावतीबाई गुडघे वाकवून बसल्यासारख्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाचा अशा हाणल्या की धूळ उडाली. इरेना रेशमी बूट बांधून उठली ती रुपयाएवढ्या जागेवर. सगळं अंग त्या रुपयावर. काळुरामने बराच विचार केला.

"एकीला जमीन फोडायची हाय," तो जगनला म्हणाला, "आन् दुसरीला जमिनीला पायच लावायचा नाय. आन् जमीन एकच."

"व्हईल ना मामा?"

"व्हईल. पन माती आपल्या आगराची लागंल."

"इथं काय माती नाय?"

"हाय. झाडं लावायला."

कंपनीचा ट्रक पेणला गेला आणि खाडीचा चिखल घेऊन आला. मागच्या गाडीने काळुरामची बायको हौसा, भाऊ कान्हू आणि भावजय पुतळी आले. चौघं ओट्यावर एका रांगेत उभे राहिले आणि चालू लागले. आधी टाच, मग चवडा, मग अर्धं पाऊल पुढे. कडेला पोचले की उलटं. जोडीला पुतळीचं गाणं, ज्यात दोनच ओळी होत्या. पण जमीन मोठी असल्याने त्या पुरल्या.

दुसऱ्या दिवशी चंद्रावतीबाई बघायला आल्या त्या बघत राहिल्याच नाहीत. पदर खोचून रांगेत शिरल्या आणि तोंडाने बोल म्हणू लागल्या. मागून इरेना बूट काढून आली. काळुरामला हे पटलं नाही.

"बाय, नाचू नका. मापात चाला. खड्डा पडंल."

इरेनाच्या पायांकडे हौसाचं लक्ष गेलं. बोटं वाकडी, नखं काळी, अंगठ्याला घट्टे. "अगो बाय! पायांचं काय वाटोळं करून घेतलंस गो!" म्हणून तिने आपली मिठाने चिरलेली टाच पुढे केली. इरेनाने वाकून ती निरखून पाहिली आणि तिला येणाऱ्या तीन मराठी शब्दांपैकी एक वापरला. "चांगला."

"चांगला कसला, कर्म माझं," हौसा म्हणाली. पण त्या दिवसापासून भाकरी सहाजणांची होऊ लागली.

आठव्या दिवशी दुपारी जमीन तयार झाली. टाच मारली तर घट्ट आवाज, टोक टेकलं तर नखाएवढी खूण. दोघी दुपारभर नाचल्या. काळुराम चंद्रावतीबाईंवर खूश होता. इरेनाबद्दल त्याचं मत राखीव होतं, कारण बगळे त्याने जवळून पाहिले होते. "बगला येवढा हालत नाय," तो कान्हूला म्हणाला. "हालला तर उपाशी मरंल."

रंगीत तालीम वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला होती, कारण कार्यक्रम सातचा होता. इरेना धावत आली, उडी घेतली आणि खाली आली तेव्हा पाय एकीकडे गेले, बगळा दुसरीकडे. लागलं नाही. पण काळुरामने जमिनीला हात लावला आणि त्याचं तोंड उतरलं. जमीन ओली होती. मिठागराची माती ती. चाळीस वर्षं मीठ प्यालेली. ऊन गेलं, खाडीवरून दमट वारा सुटला की ती हवेतलं पाणी ओढणारच. मिठागरात याचं कुणाला सोयरसुतक नसतं, कारण तिथे वर पाणीच भरायचं असतं. ज्याने जन्मात दुसरी जमीन केली नाही, त्यानेच ही चूक करायची.

"मी बोललेले, आगराची माती नको," हौसा म्हणाली.

"कवा बोललीस?"

"मनात."

हैबतराव म्हणाले, "वर सतरंजी टाका."

"सतरंजीवर मी पाय आपटला तर तो कुणाला ऐकू येणार?" चंद्रावतीबाई म्हणाल्या. "सतरंजीला?"

"मग पुन्हा पिंपं लावू."

काळुराम ओट्याच्या कडेला बसला. उद्या ती बाई पडली तर उठेल आणि पोलंडला जाईल. पण त्याच्या जमिनीवर माणूस पडलं हे पेणपर्यंत जाईल आणि तिथेच राहील. आणि पिंपं लागली तरी तेच. जगन लांब उभा राहून भिंतीवरची सुरक्षेची सूचना वाचत होता.

"सायेब," काळुराम म्हणाला, "जमीन वाईट नाय. वेळ वाईट हाय. चार वाजता नाचवा. उनात ही हाडासारखी असते."

"चार वाजता? आणि मी जे दिवे भाड्याने आणलेत ते?"

"ते सातला लावा. बघायला येतील लोक."

चंद्रावतीबाई म्हणाल्या, "मी चारला नाचते." त्यांनी इरेनाला बोटं दाखवली, चार. इरेनाने मान हलवली. नाचणाऱ्या दोघीच होत्या आणि दोघीही तयार होत्या, म्हणून हैबतरावांनी आपण आधीपासून चारच्याच बाजूचे होतो असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी चारला मैदान भरलं. चंद्रावतीबाई घुंगरू बांधून, इरेना पांढऱ्या झग्यात. पण हैबतरावांनी वेळ बदलली होती, भाषणं नव्हे. प्रास्ताविक झालं. स्वागत झालं. पाहुण्यांचा परिचय झाला, त्यात त्यांचं शालेय शिक्षणच वीस मिनिटं चाललं. पाच वाजून गेले. पाहुणे उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "नृत्याचा इतिहास फार प्राचीन आहे."

सावली ओट्याच्या कडेला आली होती. काळुराम उठला. चपला काढून ओट्यावर चढला, पाहुण्यांच्या बाजूने गेला, उकिडवा बसला आणि सगळ्या मैदानासमोर जमिनीवर पालथी मूठ टेकवली.

"हे काय चाललंय?" हैबतराव कुजबुजले.

"आजून सुकी हाय. अर्धा तास," काळुराम म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळून, अगदी आदराने, "सायेब, तुमचं भाषान वल्या जमिनीवर व्हतं. ह्यांचा नाच व्हत नाय."

मैदानातल्या तिन्ही शिफ्टनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांना त्या आपल्यासाठी वाटल्या आणि ते समाधानाने खाली बसले.

मग बगळा आला. एका पायावर उभा राहिला आणि मासोळी त्याच्याभोवती टाचा वाजवत फिरू लागली. एकीचा पाय पडला की दुसरीचा उठायचा. इरेनाने कालचीच उडी घेतली. काळुरामने डोळे मिटले नाहीत. तो तिच्याकडे बघतच नव्हता, ती जिथे उतरणार त्या जागेकडे बघत होता. बुटाचं टोक टेकलं आणि तिथेच राहिलं. मधेच एकदा बगळा खरोखर हलला नाही, दहा-बारा मोजेपर्यंत, आणि काळुराम कान्हूला म्हणाला, "आता बगला वाटतो."

नाच संपला तेव्हा ओट्यावर कडेपुरतं ऊन उरलं होतं. दोघींनी येऊन काळुरामचे हात धरले आणि त्याला मधोमध नेलं. समोर सगळं मैदान उभं राहिलं होतं. काळुरामची नजर खाली गेली. टाचांच्या उथळ वाट्या, त्यांच्यामध्ये टोकांच्या बारीक खुणा, आणि तडा एकही नाही. फक्त उडीच्या जागी एक खूण जरा खोल वाटली, म्हणून तो वाकला आणि अंगठ्याने ती दाबून पाहिली. घट्ट होती. तो वाकून नमस्कार करतोय असं लोकांना वाटलं आणि टाळ्या वाढल्या. मग दोघीही त्याच्याबरोबर वाकल्या. काळुराम घाई न करता पुढची खूण तपासायला लागला.