आवरून बसलेला सिक्स्टेन

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांनी मरायच्या आधी आपलं घर आपणच आवरायचं, अशी रीत आहे. कपाटं रिकामी करायची, तळघरातली खोकी काढायची, द्यायचं ते देऊन टाकायचं, म्हणजे मागे राहिलेल्यांच्या नशिबी हमाली येत नाही. रीत चांगलीच आहे, पण ती सावकाश पाळायची असते. माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या सिक्स्टेनने ती एका हिवाळ्यात उरकली, आणि मग मरायचं राहूनच गेलं.

सिक्स्टेनने बोरोस गावात जन्मभर बस चालवली. माणूस शांत, थोडा तिरका. त्याची बायको मायकेन गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर होती. ती गेली. लेक अनेली लग्न करून पार उत्तरेला, लुलेओला. मागे राहिला सिक्स्टेन, दोघांनी जमवलेल्या भिंतभर रेकॉर्डी आणि त्याचा स्टिरिओ. स्टिरिओ म्हणजे लोखंडासारखा जड एक अ‍ॅम्प्लिफायर आणि माझ्या कमरेइतके उंच दोन स्पीकर. रोज दुपारच्या कॉफीनंतर तो गाणी लावायचा. नाचाची, अकॉर्डियनची, कधी पाण्यासारखी संथ. माझ्या छतातून वर्षानुवर्षं फुकट गाणी गळत होती. कुरकुर करायचे मी, पण कॉफी त्याच वेळी घ्यायचे.

मग त्याच्या छातीच्या फोटोत एक डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, डाग आहे. अजून तपासण्या करू. याने पहिलं वाक्य ऐकलं आणि घरी येऊन खोकी बांधायला घेतली. पडदे गेले, भांडी गेली, मायकेनचं शिलाई मशीन गेलं. रेकॉर्डी चर्चवाल्यांच्या जुन्या बाजारात गेल्या. स्टिरिओ पुतण्याला द्यायचा होता, पण त्याची बायको म्हणाली, असल्या शवपेट्या माझ्या घरात नकोत. म्हणून तो तेवढा राहिला.

वसंतात कळलं, डाग जुन्या न्यूमोनियाचा. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. सिक्स्टेन रिकाम्या घरात परत आला आणि खुर्चीत बसला. बसला तो बसलाच.

मी वर गेले की दोन स्पीकरच्या मधे हा, हातात कप, समोर उघडी भिंत. रेकॉर्डींच्या जागी भिंतीचा कागद अजून नवाकोरा, बाकीचा पिवळा पडलेला.

"जाऊन परत आण की," मी म्हटलं.

"विकल्या गेल्या."

"सगळ्या?"

"चांगल्या होत्या ना, त्युरा. म्हणून गेल्या."

असं सबंध उन्हाळाभर. माझं छत मुकं झालं. मला वाटलं होतं, झोप छान लागेल. कसली झोप! वरून नुसती त्याची पावलं ऐकू यायची, खुर्चीपासून खिडकीपर्यंत आणि परत.

शेवटी अनेलीनेच फोनवर सांगितलं, की बाबा, आता सगळी गाणी इंटरनेटवर असतात. स्वस्तातला एखादा लॅपटॉप घ्या, त्याची वायर तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडा, झालं. महिन्याचे पैसे मी भरते. याने चार वेळा नाही म्हटलं. पाचव्या वेळी मला म्हणाला, "तू येतेस का बरोबर?"

स्टेशनमागे जुने कॉम्प्युटर विकणारं एक दुकान आहे. बिल्याना नावाची बोस्नियाची बाई चालवते. आम्ही दोघं बसने गेलो. उतरल्यावर माझे गुडघे आणि त्याचा श्वास, दोघांनाही दर खांबाला थांबायचं होतं.

"काय करायचंय लॅपटॉपवर?" बिल्यानाने विचारलं.

"गाणी ऐकायची. दुसरं काही नाही."

"मग महागाचा नकोच. गाण्याला ताकद लागत नाही. पण हा बघा, ह्यात पंखा नाही. संथ गाण्यात घरघर येणार नाही. बॅटरी नवी घातलीय. दोन वर्षांची हमी."

"दोन वर्षं कोणाला?" सिक्स्टेन म्हणाला.

बिल्यानाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"त्याहून स्वस्त?"

"आहे. पण जुना आहे, पंखा बोंबलतो, बॅटरी मेल्यातच जमा."

"हां," सिक्स्टेन खूश झाला. "आमची जोडी जमेल."

"अरे, तुला कान आहेत ना अजून? तो पहिला घे," मी म्हटलं.

"त्युरा, मला एक हिवाळा काढायचाय. संसार नाही मांडायचा."

पंखावालाच घेतला. बिल्यानाने वायर दिली. एका टोकाला बारीक पिन, ती लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात. दुसऱ्या टोकाला लाल आणि पांढरी, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीत. परतीच्या बसमध्ये त्याने ती पिशवी मांडीवर धरली होती, कोणा प्रवाशाची बसमध्ये राहिलेली वस्तू सांभाळावी तशी.

घरी जोडाजोड झाली. अनेलीने फोनवरून एकेक पायरी सांगितली. आणि गाणं लागलं! पण त्याच्याबरोबर स्पीकरमधून गुंईईई असा आवाज, पोळं उठवल्यासारखा. चार्जर काढला की तो आवाज थांबायचा, पण मग थोड्याच वेळात लॅपटॉप मान टाकायचा. चार्जर लावला की पुन्हा माश्या. आणि वर पंखा, तो वेगळाच.

"परत देऊ या," मी म्हटलं.

"असू दे. मला चालेल असंच."

त्याला चालेल, पण खाली मी होते ना. रोज दुपारी गाणं सुरू व्हायचं, रंगात यायचं आणि मधेच तुटायचं. मग पावलं, मग गुणगुण, मग पावलं, मग काहीच नाही. अर्धवट गाणं फार वाईट. डोक्यात ते आपलं आपण पुरं करत बसतं आणि माणूस दमतो. ऑक्टोबर असा गेला. नोव्हेंबरात दुपारीच अंधार पडायला लागला, आणि एक दिवस माझा धीर सुटला. जिने चढून गेले. श्वास घ्यायला त्याच्याच उंबऱ्यात बसले.

"काय झालं?" तो घाबरला.

"तू झालास! मेल्यासारखं जगायचं असेल तर नीट मर तरी. हे काय, रोज मधेच?"

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. माझ्याशेजारी उंबऱ्यात येऊन बसला. मग म्हणाला, "मायकेनचे कपडे मी एकट्याने नेले होते. तिची पुस्तकं, तिच्या बुटांचे जोड. कचऱ्याच्या कुंड्यांपाशी उभा राहायचो आणि हात सुटायचा नाही. आख्खा हिवाळा लागला. अनेलीला ते करायला लावायचं नाही मला. माझ्यामागे काही म्हणजे काही राहता कामा नये."

हे मला माहीत नव्हतं. मायकेन माझी मैत्रीण, मी खालच्या मजल्यावर, आणि त्याने मला हाक मारली नव्हती.

"एक लॅपटॉप, सिक्स्टेन," मी म्हटलं. "काखेत मावतो. तेवढा उचलू दे की पोरीला."

"तिला त्रास."

"विचारलंस तिला?"

नव्हतं विचारलं. मी फोन त्याच्या हातात दिला आणि उठलेच नाही, कारण उठताच येत नव्हतं.

"अनेली," तो म्हणाला, "मी दुसरा, जरा टिकणारा घेतला, तर पुढेमागे तुझ्या गळ्यात पडेल. चालेल का?"

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला.

"बाबा," मग तिचा आवाज आला, दमलेला, मलाही ऐकू येईल एवढा. "तुम्ही आईच्या रेकॉर्डी देऊन टाकल्यात. शिलाई मशीन दिलंत. मला एका शब्दाने विचारलं नाहीत. मी तिकडे आले की घरात आईचं काय आहे? दोन खुर्च्या. पडू दे ना काहीतरी गळ्यात."

सिक्स्टेन म्हणाला, "मला वाटलं, तुझं ओझं कमी होईल."

"नाही झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही परत बिल्यानाकडे गेलो. तिने जुना परत घेतला, बिनपंख्याचा दिला, आणि चार्जरच्या गुणगुणीवर उपाय म्हणून वायरीत अडकवायची एक छोटी डबी दिली. सिक्स्टेनने हमीचा कागद घडी करून खिशात ठेवला. परतीच्या बसमध्ये आम्ही पेंगलो. थकलो होतो दोघं.

आता गाणं तुटत नाही. खरं सांगायचं तर थांबतच नाही. रेकॉर्डची एक बाजू संपली की संपायची. लॅपटॉपचं एक गाणं झालं की तो आपणहून दुसरं लावतो, मग तिसरं. सिक्स्टेन दुसऱ्या गाण्यालाच खुर्चीत झोपतो. परवा मी बंद करायला वर गेले. दार उघडंच असतं. त्याचं डोकं एका बाजूला कललेलं, मायकेनच्या आवडीची संथ चाल चाललेली, फोन टेबलावर उभा, आणि पलीकडे लुलेओत अनेली भांडी घासत ऐकत होती. रोज ऐकते म्हणे.

"झोपले का?" तिने हळूच विचारलं.

"हो."

"राहू दे मग, त्युरामावशी. बंद नको करूस."

मी कोट त्याच्या पायांवर टाकला आणि खाली आले. कॉफी गार झाली होती. गारच प्यायले.