चौथी चतकोर

मागच्या सोमवारी संध्याकाळी आमच्या चिखलीच्या देवळात एक गोष्ट घडली, ती अजून मनातून जात नाही...

शाळेतल्या गुरुजींच्या सांगण्यावरून मी तिथं रोज दिवेलागणीला तिसरीतल्या कच्च्या पोरांचे अपूर्णांक घेतो. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं. पावकी, निमकी, पाऊणकी हे पाढे अजून तोंडपाठ... पण त्या पाठांतरात तिसरा हिस्सा कुठंच नव्हता.

पोरांत एक हौसा आहे. पिंपरीला नवा कारखाना बांधतायत, तिथं मजुरीला जाणाऱ्या धोंडिबाची एकुलती एक मुलगी. यंदा नापास झाली तर शाळा बंद आणि मावशीकडे पोरं सांभाळायला, असं बापानं बजावलेलं. परीक्षा गुरुवारी होती.

पाटीवरचे आकडे तिला कळेनात. म्हणून शिदोरीतली उरलेली भाकरी मी पुढं ठेवली. घरात तुम्ही तिघं, भाकरी एक... तर प्रत्येकाला किती?

"चतकोर," ती लगेच म्हणाली.

पोरं हसली. शेजारचा बाबू म्हणाला, "नाना, हिला घरातली माणसं बी मोजता येईनात."

तिनं भाकरी मोडली. अर्धी, मग अर्ध्याची अर्धी... तीन तुकडे तिघांचे म्हणून बाजूला सरकवले. चौथा तसाच राहिला.

"हा कुणाचा गं?"

"येईल त्याचा."

मग विचारता विचारता कळलं. त्यांच्या घरी रोज एक वाटा झाकून ठेवतात. कधी वाटसरू येतो, कधी कामाच्या शोधात आलेला परजिल्ह्यातला माणूस. कुणीच आलं नाही तर सकाळी गाईला... भाकरीचे तीन भाग हौसानं कधी पाहिलेच नव्हते.

तिचं उत्तर चूक होतं, आणि चूक म्हणायला माझी जीभ वळेना. पण पेपर तपासणारा काही तिच्या घरी जेवायला बसणार नव्हता. शेवटी सांगितलं, पोरी, गणितात दिली असतील तेवढीच माणसं धरायची.

तिनं पाटी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "म्हंजी गणितात कुणी येत न्हाई व्हय, नाना?"

"न्हाई गं."

तिनं एक लिहिला, खाली रेघ ओढली आणि रेघेखाली तीन. या वेळी कुणी हसलं नाही.

गुरुवारचं गणित तिनं बरोबर सोडवलं. ती चौथीत गेली, असं काल गुरुजींनी सांगितलं.

त्या सोमवारी मी घरी जेवायला बसलो. आम्ही दोघंच, भाकरीचे दोन भाग करायची सवय. बायकोला म्हटलं, आज तीन कर. कोण यायचंय, तिनं विचारलं. ठाऊक नाही म्हणालो.

तिसरा भाग टोपलीखाली झाकून ठेवला. पन्नाशीला आलो, तेव्हा कुठं एक तृतीयांश म्हणजे काय ते कळलं... देवाची कृपा, आणि त्या पोरीची.