नंबर चार आणि आमचा सर्चलाइट

आम्ही तिघं एका जुन्या सर्चलाइट तुकडीचा इतिहास लिहायला बसलो होतो, आणि एका शेडमध्ये तिचा सर्चलाइटही पुन्हा पेटता करत होतो. ही २०१६ ची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिवसभर गिरणीत, दुकानात राबून संध्याकाळी व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावर शत्रूची विमानं शोधायला उभी राहणारी ही स्वयंसेवक मंडळी. इतिहासाची पानं झाली अकरा. किस्से मात्र इतके साचले की बायको शुभदा म्हणाली, "घरी येताना ते शेडमध्येच ठेवून येत जा."

तिघं म्हणजे तुकडीतला शेवटचा हयात माणूस वॉल्टर, वय चौऱ्याण्णव. तुकडीतल्याच एकाची मुलगी लिंडा. आणि मी, नागपूरचा रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर, मुक्काम व्हँकुव्हरजवळचं सरे. इथल्या रिवाजाप्रमाणे मीही वॉल्टरला अरे-तुरेच करायचो.

*

तुकडीत नावं नव्हती, नंबर होते. वॉल्टर नंबर चार. दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळतील तशा पुढे सरकवणारा. आता शेडमध्ये जनरेटर माझ्याकडे, म्हणून मी नंबर पाच. एकाच्या कामाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

एकदा मी वॉशरूममध्ये असताना जनरेटरमधून धूर निघायला लागला. वॉल्टर शेजारीच उभा! स्विच बंद करायचा सोडून हा वॉशरूमच्या दारावर काठी आपटतोय. मी कसाबसा पँट सावरत धावलो. नंतर चिडून विचारलं, बंद का नाही केलास?

"ते तुझं काम होतं," तो शांतपणे म्हणाला.

*

कांड्यांना ओल धरली होती. ओल्या कांड्या तडतडतात, आणि त्यात दिव्याचा मोठा आरसा तडकला की खेळ खलास, दुसरा मिळणार नव्हता. वॉल्टर म्हणाला, मंद आचेवर वाळव. घरी कुणी नाही असं बघून मी त्या ओव्हनमध्ये लावल्या.

शुभदा नेमकी लवकर आली, सोबत महाराष्ट्र मंडळाच्या दोन बायका. ओव्हन उघडून तिनं बराच वेळ आत बघितलं. "अहो, यांना शिजायला किती वेळ लागेल?"

चार तास, असं मी खरं ते सांगितलं. त्या बायका चहाही न घेता गेल्या.

*

मग वॉल्टरच्या डोळ्यांचं कळलं. नजर झपाट्यानं जात होती. डॉक्टरनं नजरेची जेमतेम ख्रिसमसपर्यंतची आशा दिली होती. समजूत घालायची म्हणून मी म्हटलं, अरे, तू तर हा झोत शेकडो वेळा बघितला असशील.

 तो म्हणाला, "एकदाही नाही."

नंबर चारला मान खाली घालून, काळ्या काचेतून फक्त कांड्या बघाव्या लागत. वर विमान सापडलं, तरी त्याला ते इतरांच्या ओरडण्यावरूनच कळायचं. त्याला तो झोत एकदा बघायचा होता. 

झोत विमानांच्या वाटेत येणार, म्हणून लिंडानं विमानतळाकडे अर्ज केला. बऱ्याच खेपांनंतर परवानगी मिळाली. एक संध्याकाळ, दहा मिनिटं.

*

नोव्हेंबरची संध्याकाळ. पाऊस नुकता थांबलेला. वॉल्टरला आकाशाकडे तोंड करून खुर्चीत बसवलं, पायांवर ब्लँकेट टाकलं. कांड्यांवर लिंडा, जनरेटरवर मी.

पहिली चार मिनिटं कांड्या पेटेचनात. लिंडा त्या पुढे-मागे सरकवून बघत होती. पाचव्या मिनिटाला उजेड आला, फडफडला आणि पुन्हा विझायला लागला. वॉल्टर तेव्हा चष्मा पुसत होता. नुसत्या आवाजावरून त्याला कळलं. तो उठला.

"वॉल्टर, प्लीज, बस. वर बघ." लिंडा रडकुंडीला आली होती.

त्यानं तिला हलकेच बाजूला केलं, काळ्या काचेला डोळा लावला आणि कांड्या सरकवायचं चाक फिरवलं. फडफड थांबली आणि झोत सरळ वर उभा राहिला. मी आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं. एक सेकंद तरी मान वर कर, मी ओरडलो. घड्याळात तीन मिनिटं उरली होती.

"ढगापर्यंत जातोय?" त्यानं खाली बघतच विचारलं.

"जातोय."

"हलतोय?"

"नाही. अगदी स्थिर आहे."

"मग सांगत राहा," वॉल्टर म्हणाला.