अंगठ्याचा कागद

वीस वर्षं होऊन गेली. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

पनवेलच्या एका खासगी हॉस्पिटलात मी तेव्हा इनचार्ज सिस्टर होते. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मुंबईच्या एका शिबिरात डॉक्टरबाईंनी सांगितलं की काही देशांत माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवतो, शेवटी माझ्यावर काय उपचार करा, काय करू नका. मला ते फार पटलं. वडील गेले तेव्हा त्यांना विचारायचं राहून गेलं होतं, म्हणूनही असेल. परत आल्यावर दर गुरुवारी जेवणानंतर चादरींच्या खोलीत मी चार नर्स आणि आयामावशींचा वर्ग सुरू केला.

“आपल्याकडे असा कायदा नाही,” मी म्हणाले, “पण विचारायला कायदा कशाला लागतो? पेशंट सांगेल ते लिहा. सही घ्या, नाहीतर अंगठा.”

मावशी घड्या घालत होत्या. “सिस्टर, मरनाचं इचारलं तर माझी सासू लाटनं घेऊन धावंल.”

“धावू दे. धावतेय म्हणजे अजून ठणठणीत आहे.”

सगळ्या हसल्या. सगळ्यांत लहान नर्स मात्र वहीत उतरवून घेत होती.

पुढच्याच आठवड्यात उरणकडचे एक आजोबा दाखल झाले. जन्म मिठागरात गेलेला, फुफ्फुसं आता हरत चाललेली. समोरच्या खाटेवर घशात नळी घालून श्वासाचं मशीन लावलेला माणूस ते दिवसभर बघत होते. छोट्या नर्सने त्यांना विचारलं.

“बरा केलास इचारलास, पोरी. मना ती नळी नको. घरा न्या, पडवीत निजवा.”

तिने तसंच लिहिलं, ऑफिसातलं स्टॅम्पपॅड आणून अंगठा घेतला आणि कागद माझ्या हातात दिला. “तुम्ही शिकवलं तसं, सिस्टर.” मी तिची पाठ थोपटली आणि फाइलला लावू म्हणून कागद खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला मुलगा काउंटरवर आला. कागदावर अंगठा दिला, एवढंच आजोबांनी धापांमधून त्याला सांगितलं होतं. “आंगठा कशावर घेतलाव? कागद दाखवा!”

या भागात अंगठा म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. नव्या शहरासाठी इथल्या जमिनी गेल्या त्या अशाच अंगठ्याच्या कागदांवर. मी राहत होते तो फ्लॅटही कुणाच्या तरी भातशेतावर उभा होता.

कागद दाखवला असता तर त्याने वाचला असता. एवढंच करायचं होतं. पण ज्यांना न विचारताच मी हे सुरू केलं होतं ते डॉक्टर केबिनमधून बाहेर आले, “काय गडबड, सिस्टर?” आणि मी बोलून गेले, “कागद वगैरे काही नाही, सर. ऑक्सिजन कमी पडला की पेशंट काहीबाही बोलतो.”

छोटी नर्स शेजारीच होती. तिने फाइल उघडली, शेवटच्या पानापर्यंत उलटली, बंद केली. माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी आजोबांना श्वास घेता येईना. डॉक्टरांनी मुलाला विचारलं. “मशीन हाय ना? मग लावा,” तो रडत म्हणाला. “बापाला असा सोडू काय?” त्याचं काय चुकलं? त्याला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

पेशंटने नळी उपसू नये म्हणून हात बांधतात, बँडेजने, खाटेच्या दांडीला. ते काम मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. आजोबांच्या डाव्या अंगठ्यावर अजून निळी शाई होती. नळी घातलेल्या माणसाला बोलता येत नाही. आजोबांनी तो अंगठा माझ्या मनगटावर घासला. एकदा, मग पुन्हा एकदा. मी गाठ पक्की केली.

नऊ दिवस चाललं. मुलगा बाहेरच्या बाकावर असायचा. “सिस्टर, बाबा काय सांगतात का?” मी नाही म्हणून मान हलवायचे. रोज धुतलेला युनिफॉर्म घालताना कागद जुन्या खिशातून नव्या खिशात ठेवायचे. रोज सांगता आलं असतं.

आजोबा गेले त्या दिवशी मी युनिफॉर्म घरी बादलीत भिजवला. खिसा तपासला नाही. खिशात काय आहे ते ठाऊक होतं.

गुरुवारी सगळ्या जमल्या. छोटीने वही आणली नव्हती.

“आज काय शिकवनार, सिस्टर?” मावशींनी विचारलं.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, ते मी त्यांना दाखवलं.